मंगळावरील ओलीच्या स्वारीची हकीकत

श्री नवग्रह प्रसन्न असोत. स्वामींनी आज्ञा केली की, मंगळावरील स्वारी कैसी जाहली ते पाहिले तैसे लिहावे, आपली अक्कल मध्ये घालू नये. त्यावरून सेवकाने लिहिले. थोडी अक्कल सांडली असेल तर इलाज नाही. शके एकोणीसशे एक्कावन्न, सौम्यनाम संवत्सर, वैशाख शुद्ध पंचमी ते दिवशी दौलतीचा सहाचाकी गाडा मंगळावर उतरोन दीड वर्ष जाहले होते. ज्या मंगळाने पत्रिकेत बसोन कितीक मुलींची लग्ने अडविली, त्याच्या घरी कोणी जीव राहतो की काय, हा शोध करावयाचा होता. जीव म्हणजे हत्तीघोडे नव्हेत. विरजणात असतो तैसा, डोळ्यांस न दिसणारा. सुंदराबाई वैद्य या विदुषी मोहिमेच्या सरदार. बाईंनी तीस वर्षे या एका जिवाचा ध्यास घेतला, आणि लोक विचारीत, "सापडला का?" आणि बाई म्हणत, "अजून नाही," आणि मग लोक जेवावयास जात.

तो पंचमीस गाड्याने चित्र पाठविले. तांबड्या दरडीच्या सावलीत एक काळी रेघ, आणि ती सकाळी लांबते, दुपारी आटते. बाईंनी सात दिवस पाहिले आणि मग बोलिल्या, "ओल आहे." दरबारी सातशे माणूस, सर्व टाचा उंचावोन चित्र पाहू लागले. कोट्यवधी कोस दूर, जेथे पाखरू नाही, गवताची काडी नाही, तेथे माती भिजत होती, आणि ते पाहोन सेवकाच्या अंगावर काटा आला तो लिहिताना अद्याप उतरत नाही. गाडा ओलीपासून दहा हातांवर उभा. महाराजांनी फर्माविले, "पुढे व्हा. मूठभर माती उचला."

तेव्हा बाईंनी रिवाज म्हणोन विचारिले, "गाडा येथून सोवळ्यात गेला. कोणाचा उघडा हात लागला नाही ना?" सर्वांनी माना हलविल्या, आणि सटवोजी पांचाळ, ज्याने गाड्याची चाके घडविली, तो साठीचा कारागीर उठोन उभा राहिला.

"बाई, माझा लागला," म्हणाला. "नवी गाडी एवढ्या लांब चालली, कोरी कशी धाडायची? हातमोजा काढला आणि डाव्या चाकामागं कुंकवाचं बोट टेकवलं."

दिवाण लाल जाहले. "नारळ फोडला नाहीस हेच उपकार."

"आणला होता, सरकार. पहारेकऱ्यानं दारातच काढून घेतला."

मग दिवाण बाईंस बोलिले की, एका बोटाचे जंतू ते किती, तेथील थंडीवाऱ्यात केव्हाच मेले असतील. बाई म्हणाल्या, "मेले असतील. चाकामागच्या सावलीत निजलेही असतील. ओल लागली की उठतील, आणि मग आपलाच जीव उचलून आपण तो मंगळाचा म्हणून नाचू. आणि तिथं खरंच कोणी असेल, तर आपला त्याला खाऊन टाकील."

महाराजांनी विचारिले, "आणि कोणीच नसेल तर?"

"तर उगाच थांबलो."

"दुसरा गाडा केव्हा जाईल?"

"बारा वर्षांनी. मी तोवर असेन असं नाही." आणि मग म्हणाल्या, "मला तो पाहायचा होता, महाराज. फार पाहायचा होता." बाईंच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. महाराज बोलिले, "सरदार तुम्ही. हुकूम तुम्हीच द्यावा."

इतक्यात नवे चित्र आले. ओल त्या सकाळी नेहमीहून अधिक धावली होती, दहा हातांचे सहाच हात उरले, आणि ती काळी रेघ नेमकी गाड्याकडे येत होती. सर्व दरबार उभा राहिला. कोणी हात जोडिले, का ते त्यासही ठाऊक नसावे. बाईंनी फार वेळ पाहिले आणि मग हळूच म्हणाल्या, "मागे घ्या." निरोप पोहोचावयास अर्धी घटिका आणि उलट यावयास अर्धी, तितका वेळ कोणी बसले नाही, आणि सटवोजी तर श्वासही बेताने घेत होता. मग चित्र आले. गाडा चाळीस हात मागे गेला होता आणि ओल आपल्या जागी चमकत होती.

येणेप्रमाणे हकीकत. या दौलतीने माघारी पुष्कळ घेतल्या, कधी दारूगोळा सरला म्हणोन, कधी सरदार फितले म्हणोन, आणि दर वेळी आम्हा लिहिणारांनी त्यास डावपेच म्हटले. ही माघार तैसी नव्हे. समोर शत्रू नव्हता, कदाचित कोणीच नव्हते. परंतु कोणी असेल, म्हणोन दौलत चाळीस हात मागे सरली.