फक्त पाच जणांचं तिकीट

"या वेळी पाच म्हणजे पाचच," लाफाएलेने बायकोला ठणकावून सांगितलं. "सहावं माणूस आलं तर नाव बदलून टाकीन."

सिनिवा नारळ खवत होती. ती वर न बघताच म्हणाली, "मागच्या वेळी काय नाव होतं तुमचं?"

मागच्या वेळी म्हणजे दोन वर्षांपूर्वी. तेव्हाही सिनेमाला पाचच जण निघाले होते: नवरा, बायको, मोठी फेतू आणि धाकटे दोघे. पण आमच्या गावात वाटेत भेटलेल्या माणसाला "कुठे निघालात?" असं विचारायची रीत आहे आणि लाफाएलेला खोटं बोलता येत नाही. तो प्रत्येकाला "सिनेमाला" असं सांगत गेला. आता, सिनेमाला निघालोय असं सांगायचं आणि "चला की तुम्हीही" म्हणायचं नाही, हे सामोआत बसत नाही. शिवाय ज्याने चला म्हटलं त्यानेच तिकिटं काढायची, हेही ठरलेलं. बस येईपर्यंत पाचाचे अकरा झाले होते.

राजधानीत, अपियाला, पोचल्यावर लाफाएलेच्या खिशातून नऊच तिकिटांचे पैसे निघाले. त्यात बहिणीची, पेनिनाताईची, न्यूझीलंडहून आलेली मैत्रीण. पाहुण्यांना आधी जागा द्यायची हे लहान मुलांना शिकवावं लागत नाही, तेव्हा फेतूने आपलं तिकीट निमूटपणे पुढे केलं. बाकीचे आत गेले आणि बापलेक बाहेर पायरीवर बसले. भिंतीतून आवाज ऐकू यायचे, त्यावरून लाफाएले अंदाजाने गोष्ट सांगायचा. धप्प झालं की म्हणायचा, "देवमासा पडला." फेतूने सगळं ऐकून घेतलं. एका शब्दाने कुरकुर केली नाही. पोरीने कुरकुर केली असती तर बरं झालं असतं, असं त्याला दोन वर्षं वाटत राहिलं.

यंदा ऑक्टोबरात, मुलांच्या सणाच्या रविवारी, फेतूने भरल्या चर्चमध्ये अख्खं लांबलचक स्तोत्र न अडखळता म्हटलं. पाळकांची जांभई निघाली, पण हिचा शब्द चुकला नाही. बापाचा ऊर भरून आला आणि ऊर भरला की माणूस नको ते कबूल करतो. "तुला सिनेमा दाखवतो," तो म्हणाला. "आतून. खुर्चीवर बसून."

बोलून गेला खरा, पण मधल्या काळात तिकिटं दोनदा वाढली होती. मक्याच्या लाह्यांच्या एका पुड्याच्या किमतीत आमच्याकडे कोंबडी मिळते, आणि ती स्वतःच्या पायांनी घरी येते. पाच जणांनी सिनेमा बघायचा म्हणजे घराचा एक कोपरा विकायची पाळी. मात्र थिएटरवाल्यांनी एक कौटुंबिक तिकीट काढलं होतं. दोन मोठे, तीन लहान, सगळे मिळून बरंच स्वस्त. लाफाएलेने लाकडाच्या वखारीत शनिवारचे जादा तास भरून ते तिकीट आगाऊ आणलं आणि बायबलमध्ये लपवून ठेवलं.

बेतही त्याने बारीक आखला होता. एक, कुणाला काही सांगायचं नाही. दोन, खायला घरूनच पानिकेके, म्हणजे आमचे पिठाचे गोड गोळे, तळून न्यायचे, म्हणजे तिथल्या लाह्यांकडे बघायलाच नको. तीन, सगळ्यांनी चर्चचे पांढरे कपडे घालायचे. चर्चला निघालेल्या माणसाला कुणी कुठे निघालास असं विचारत नाही.

"शनिवारी?" सिनिवाने विचारलं.

"गाण्याची तालीम वगैरे असेल असं वाटेल लोकांना."

"तालमीला कुणी पांढरे कपडे घालून जातं का, अहो?"

"तू फार विचार करतेस," लाफाएले म्हणाला.

शनिवारी सकाळी सिनिवाने चूल पेटवली. नारळाची सोडणं ओली होती, त्यामुळे जाळापेक्षा धूर जास्त. लाफाएले फुंकर मारमारून बेजार झाला, डोळे लालभडक झाले. तेवढ्यात कुंपणापाशी पेनिनाताई येऊन उभी राहिली. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शेजारीच राहणारी. आमच्याकडे भावाच्या घरात बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. राजाचा मोडला तरी चालतो. ताईने बुट्टीभर पानिकेके पाहिले, दोरीवर वाळणारे पाच पांढरे कपडे पाहिले आणि विचारलं, "एवढं तळण कुणासाठी रे?"

लाफाएलेला खोटं तर बोलता येत नव्हतं. डोळे पुसत तो म्हणाला, "ताई, आत्ता काही विचारू नकोस. आमचं आम्हालाच निभवू दे."

ताई त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने त्याचा दंड घट्ट दाबला आणि एक अक्षर न बोलता निघून गेली. ताईने दुसरा प्रश्न विचारला नाही, असं चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. आपला बेत किती पक्का आहे या विचाराने लाफाएले शीळ घालायला लागला.

पांढरे कपडे, शनिवारची सकाळ, बुट्टीभर तळण आणि लाल डोळे. एवढं एकत्र दिसलं की आमच्या गावात त्याचा एकच अर्थ होतो: कुणीतरी गेलं. कोण गेलं असेल हेही ताईने घरी पोचायच्या आत ठरवून टाकलं. सिनिवाचे वडील, इओसेफो. सावाई बेटावर राहणारे, ऐंशी उलटलेले, गेली दहा वर्षं दर नाताळात "हा माझा शेवटचा" म्हणणारे. आणि लाफाएले कुणावर भार नको म्हणून सगळं एकटाच सोसतोय. गरीब बिचारा!

त्यानंतर लाफाएलेला जग कळेनासं झालं. सहकुटुंब रस्त्याला लागल्यावर खरंच कुणी "कुठे निघालात?" विचारलं नाही. उलट माणसं टोप्या काढून बाजूला उभी राहिली. दुकानदार, जो काडेपेटीसुद्धा उधार देत नाही, तो धावत बाहेर आला आणि त्याच्या हातात वीस तालांची नोट कोंबून परत गेला. पाळकांच्या बायकोने फेतूच्या केसांवरून हात फिरवला आणि धीर धर म्हणून सांगितलं.

"बाबा, सिनेमा फार भीतीदायक आहे का?" फेतूने हळूच विचारलं.

"नाही बाळा. तुझ्या स्तोत्राचं बक्षीस आहे हे त्यांना कळलेलं दिसतंय," लाफाएले म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही. बसमध्ये ड्रायव्हरने गाणी बंद केली आणि भाडं घ्यायला नकार दिला. आमचा बसवाला स्वतःच्या आईकडूनही भाडं घेतो. लाफाएले खिडकीबाहेर बघत हिशेब जुळवत राहिला आणि तो काही जुळेना. सिनिवा म्हणाली, माणसं इतकी चांगली वागायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय.

इकडे ताईने बसवाल्याला फोन लावला आणि ते कुठे उतरले म्हणून विचारलं. तो म्हणाला, सिनेमापाशी. सासऱ्याचं दुःख डोक्यात गेलं असणार, सावाईच्या बोटीसाठी बंदरावर उतरायचं सोडून भलतीकडेच उतरला, असं तिने जाहीर केलं. पाऊण तासात दुसरी बस भरली. पाळकांसह एकोणीस माणसं, मयताघरी रीतीप्रमाणे द्यायची डबाबंद मासळीची बारा खोकी, पैशांची पाकिटं आणि पेटाऱ्यातून काढलेली, तीन पिढ्या जपलेली बारीक विणीची मानाची चटई. ताईने मयताला घालायची तिची पांढरी टोपी घातली होती. तिचा घेर छत्रीएवढा आहे. खोटं कशाला बोलू, त्या बसमध्ये चौथ्या बाकावर मीही होतो.

थिएटरच्या बाहेरच्या दालनात लाफाएलेचं कुटुंब दार उघडायची वाट बघत रांगेत उभं होतं. फेतूने पाच जणांचं ते तिकीट दोन्ही हातांत धरलं होतं. तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि आम्ही सगळे आत शिरलो. कुणीतरी सूर लावला आणि भजन सुरू झालं. आमच्याकडे एकाने सूर लावला की बाकीच्यांना गप्प बसता येत नाही, चार आवाजांत ते आपोआप उभं राहतं. लाह्या विकणारी पोरगी हातातला डाव तसाच धरून बघत राहिली. मॅनेजर धावत आला आणि भजन चालू असल्यामुळे त्यालाही हात जोडून उभं राहावं लागलं.

ताईने सिनिवाला मिठी मारली. "रड पोरी, मोकळेपणी रड. सोन्यासारखा बाप होता तुझा."

होता! सिनिवाने हंबरडाच फोडला. तिला वाटलं, बातमी घेऊन हे गावाहून आले. लाफाएलेलाही तसंच वाटलं आणि दुकानदार, बसवाला, पाळकांची बायको, सगळ्यांचा उलगडा एकदम झाला. म्हणजे गावाला सकाळपासून माहीत होतं आणि आपण इथे सिनेमाला आलो! तो ताईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. त्याला रडताना पाहून आमची खात्री पटली आणि आम्हीही रडलो. धाकटे दोघे कारण न विचारता सामील झाले. फक्त फेतू तिकीट धरून उभी होती, आणि तिच्या तोंडावर तेच दोन वर्षांपूर्वीचं निमूटपण येऊ लागलं होतं.

पाळकांनी हळू आवाजात विचारलं, "गेले किती वाजता?"

"मला काय माहीत?" लाफाएले हुंदका आवरत म्हणाला. "तुम्हीच सांगा."

पाळकांनी ताईकडे पाहिलं. ताईने लाफाएलेकडे पाहिलं. भजनाचा खालचा सूर आधी थांबला, मग वरचा.

शेवटी सिनिवाने माहेरी फोन लावला. तिकडून इओसेफोच बोलले. ते जेवत होते.

"बाबा, तुम्ही आहात?" सिनिवा किंचाळली.

"आहे म्हणजे? कुठे जाणार या गुडघ्यांनी?" म्हातारा म्हणाला. मग त्याने सगळी हकिकत काढून घेतली आणि भडकला. मी मेलो तर आधी मला नको का कळवायला? आणि माझ्या मयताच्या दिवशी तुम्ही सिनेमाला? थोड्या वेळाने शांत होऊन त्याने चटई कशी आहे ते विचारलं. "माझ्या नावाने निघालीय ना? मग परत पेटाऱ्यात जाऊ देऊ नका," असं बजावून त्याने फोन ठेवला.

ताईने टोपी सरळ केली, भिंतीवरची मोठाली रंगीत चित्रं एकेक करून पाहिली आणि म्हणाली, "आता एवढ्या लांब आलोच आहोत तर..."

झालं. मयताची पाकिटं तिकिटाच्या खिडकीवर फुटली. तिथली बाई नोटा मोजून मोजून थकली. या भावात सिनेमा बघण्यापेक्षा खरंच कुणाला तरी पुरणं स्वस्त पडलं असतं, असं पाळक म्हणाले आणि मग चर्चच्या माणसाने असं बोलू नये हे आठवून खोकले. शेवटी मॅनेजरने सांगितलं, अठराच खुर्च्या उरल्यात. आम्ही एकोणीस. नेमकी पाळकांनाच खुर्ची उरली नाही.

"त्यात काय एवढं," ताई म्हणाली. "फेतू बसेल बाहेर. शहाणी पोर आहे, मागच्या वेळीही बसली होती."

फेतूचा हात पुढे आलासुद्धा होता. लाफाएलेने तो धरला. पुढचं वाक्य त्याने आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं.

"नाही ताई. ही जागा फेतूची आहे."

आत जाहिराती सुरू झाल्या होत्या, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भावाने बहिणीला नाही म्हटलेलं आमच्यापैकी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मी तर चटईकडे बघायला लागलो.

"मग पाळक कुठे बसतील?"

"माझ्या खुर्चीवर."

"आणि तू?"

याचं उत्तर मॅनेजरनेच दिलं. बाहेरचं खाणं आत न्यायला सक्त मनाई होती, तेव्हा मासळीच्या बारा खोक्यांपाशी कुणीतरी बसायलाच हवं होतं. ताईने मान हलवली आणि आत गेली. तिच्यामागून सगळे गेले, फेतूही गेली. दारातून तिने एकदा मागे वळून पाहिलं, तेव्हा तिचे दात दिसले. लाफाएले खोकी, चटई आणि पानिकेकेची बुट्टी घेऊन बाहेर त्याच पायरीवर बसला. पायरी तीच होती, पण या वेळी त्याला ती फार आवडली. आपण आज एका माणसाला दिलेला शब्द पाळला, असं वाटून त्याने पहिला पानिकेके तोंडात टाकला.

तो संपायच्या आत फेतू बाहेर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"काय गं? आवडला नाही?"

"दिसतच नाही, बाबा. माझ्या पुढच्या खुर्चीवर आत्या आहे, टोपी घालून."

"मग तिला सांगायचं काढ म्हणून."

फेतूने बापाकडे असं पाहिलं की तोच ओशाळला. मोठ्या माणसाला, त्यातून पेनिनाआत्याला, टोपी काढ म्हणून कोण सांगणार? आत जाऊन आपणच सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ताईला तो आज एकदा नाही म्हणाला होता, आणि एका दिवसात दोनदा तसं करायला माणसाला वेगळं काळीज लागतं. तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला.

भिंतीपलीकडे धप्प असा आवाज झाला. फेतूने बुट्टी मांडीवर ओढून घेतली.

"हं, सांगा," ती म्हणाली. "काय पडलं?"

लाफाएलेने घसा साफ केला. तिकिटाचे पूर्ण पैसे मोजलेले असल्यामुळे या वेळी त्याने दोन देवमासे जास्त घातले.