आप्पांनी सांगितलेले आकडे

दर्शनाने मिरची कांडपाचं यंत्र आणलं, पण त्याला लागणारी तीन फेजची वीज वाडीत नव्हती. आयटीआय केलेली सून ती. तिने मागच्या पडवीत एक जुनी मोटार बसवली, तिला कंडेन्सर जोडले आणि घरच्या साध्या विजेतून तिसरी फेज काढली. आता तिन्ही फेजांचे व्होल्टेज सारखे यायला हवे होते, नाहीतर यंत्र जळणार.

व्होल्टेज दाखवणारा मीटर पुढच्या खोलीत, विजेच्या बोर्डापाशी. तिथे तिने सासऱ्यांना, आप्पांना बसवलं. दारात शेजारची मालनकाकी मिरच्यांची पिशवी घेऊन बसली होती. तिचा मुलगा सागर संध्याकाळच्या एसटीने मुंबईला निघायचा होता, मसाला घेऊनच.

"आप्पा, किती दाखवतंय?" दर्शनाने पडवीतून विचारलं.

"दोनशे तीस, दोनशे पंचवीस, एकशे नव्वद."

तिने मोटार बंद केली, एक कंडेन्सर वाढवला, पुन्हा चालू केली. "आता?"

"तिसरा वाईच मागं हाय."

"वाईच म्हणजे किती?"

"येल गो तो. दम धर."

पाचव्या खेपेला दर्शनाचा आवाज पार उतरला होता. आप्पांनी मीटरकडे पाहिलं, पडवीकडे पाहिलं आणि म्हणाले, "तिन्ही दोनशे तीस."

दर्शनाने आनंदाने मिरच्या टाकल्या. यंत्र धापा टाकू लागलं आणि जळका वास सुटला. तिने झटकन बटण बंद केलं. यंत्र थोडक्यात वाचलं. मग मोटार एकटीच चालू करून तिने स्वतः मीटर पाहिला. तिसरा आकडा दोनशे पाच.

"आप्पा, तुम्ही तर सगळे सारखे म्हणालात."

"अगो, सकाळपासून दमलीस तू. कशाला वाईट सांगायचं?"

मग मीटरसमोर मालनकाकी बसली. "दोनशे अकरा. जल्ला हा तिसरा," असं ती बिनदिक्कत ओरडत राहिली. तासाभरात तिन्ही आकडे जुळले, मसाला झाला, सगळ्यांना शिंका आल्या आणि सागरला एसटी मिळाली.

दर्शना चाळणी पुसत होती, तेवढ्यात आतून सासूबाईंनी, तुळसाबाईंनी हाक मारली, "अवो, माजं बीपी बगताव ना?"

आप्पा उठले. दर्शनाचा हात चाळणीवरच थांबला. "आप्पा, काल आईंचं बीपी किती होतं?"

"एकशे वीस, ऐंशी."

"आणि परवा?"

"तेवढंच. रोज तेवढंच असतं." आप्पा चष्मा पुसू लागले.

दर्शना आत गेली. तिने स्वतः पट्टा बांधला. वरचा आकडा आला एकशे अठ्ठेचाळीस. मागून आप्पा हळूच म्हणाले, "एकशे वीसच सांग गो तिला. घाबरेल."

ते चहा ठेवायला गेले, तशी तुळसाबाईंनी सुनेला जवळ ओढलं.

"आकडे मला पण दिसतात गो. डॉक्टरकडनं गोळी बदलून आणलीय मी परवा. यांना नको सांगूस, जिवाला घोर लावून घेतील."