कपाटातली पावडर

मालकांची कंबर धरली तेव्हा ते खाद्याची गोणी उचलत नव्हते. गोणी कशी उचलायची असते, ते बायकोला दाखवत होते. तेव्हापासून ते खोलीत पाठीवर आडवे आणि लोखंडी कपाटाची किल्ली त्यांच्या पायजम्याच्या नाडीला.

कपाटात कोंबड्यांच्या खाद्यात घालायची खनिजांची पावडर होती. भरडा कुणीही कालवावा. पावडर मात्र मालकांच्याच हातची. बाकी जगाचा हात सैल, असं त्यांचं पक्कं मत होतं.

"अहो, किल्ली द्या. पावडर मी घालते," बायको म्हणाली.

"आणि कमीजास्त झाली म्हणजे?"

"मग बिनपावडरीचंच घालू?"

"मी उठल्यावर बघू."

मालक काही उठले नाहीत. पुढे कोंबड्याही उठेनाशा झाल्या. आधी लंगडल्या, मग पाय फाकून बसल्या. पाण्यापर्यंत जायचं तर छाती घासत जायच्या.

"खाली अंथरलेला तूस ओला असेल, बदल," मालकांनी पडल्या पडल्या निदान केलं. तूस बदलला. कोंबड्या नव्या तुसावर बसल्या.

"वारा लागतोय. शेडचे पडदे सोड." पडदे सोडले. कोंबड्या अंधारात बसल्या.

तेवढ्यात व्यापाऱ्याचा निरोप आला, पुढच्या आठवड्यात माल बघायला येतो. हा गृहस्थ स्वतःच्या पायावर चालणारीच कोंबडी घ्यायचा. बसकी फुकटही न्यायचा नाही. ही खेप पडून राहिली तर शेडला कुलूप लागणार होतं. मालकांनी भिंतीकडे तोंड केलं. "संपलं सगळं," ते भिंतीला म्हणाले.

बायकोने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी सकाळीच मेलेली एक कोंबडी चिरून उघडली आणि ताट थेट मालकांच्या उशाशी आणलं.

"छातीचं मांस बघा. एकसारखं गुलाबी हवं, तिथे हे पांढरे पट्टे. स्नायू आतून झिजलेत. खाद्यात सेलेनियम कमी पडलंय."

"ते काय असतं?"

"खनिज. लागतं कणभर, पण त्या कणावर अख्खी कोंबडी उभी असते. खनिजांच्या पावडरीत असतं. घालता ना?"

बायको छताकडे बघू लागली.

"पावडर आहे की," मालक क्षीण आवाजात म्हणाले. "उत्तम आहे. कपाटात."

"मग कोंबड्या कपाटात चरतात का?"

मालकांनी नाडीची गाठ सोडली. किल्ली देताना त्यांचा चेहरा गावजेवणात शेवटची पत्रावळ उचलणाऱ्यासारखा झाला होता.

"डॉक्टरीणबाई, माझ्या कमरेतही हेच कमी पडलं असेल का हो?"

"तुमच्यात काही कमी नाही," पाण्यातून द्यायचं औषध लिहून देत त्या म्हणाल्या. "थोडं जास्तच आहे."

फार खंगलेल्या होत्या त्या मेल्या. बाकीच्या मात्र औषध-पावडर पोटात जाताच हळूहळू उठल्या, आणि व्यापारी आला त्या दिवशी शेडभर हिंडत होत्या. खिडकीतून मालकांना नुसते आवाज येत होते.

"माल चांगला चालतोय," व्यापारी म्हणाला. "मालक दिसत नाहीत?"

"आहेत. बसका तेवढा एकच नग उरलाय," बायको म्हणाली. "तो विकायचा नाहीये."

मालक तावातावाने उठायला गेले आणि कमरेत कळ आली. हात उशाशी मलमाची डबी चाचपू लागला. डबी नव्हती.

"अगं, माझं मलम कुठाय?"

"कपाटात. किमती वस्तू कुलपात ठेवावी, तुम्हीच सांगता ना."

"मग किल्ली दे की."

अंगणातून किल्लीचा खुळखुळाट ऐकू आला, आणि तो शेडच्या दिशेने लांब लांब गेला.

"मी बसल्यावर बघू."