एका कोडाचे दोन धनी

घाटंजीच्या कापूस उत्पादक संघाच्या कचेरीत संजयने यादी गाळणारी क्वेरी संगणकावर चालवली आणि दोनशे बारा नावांची नऊ नावं राहिली.

"सायब, दोनशे तीन बोगस निघाले," मान न उचलता तो म्हणाला.

व्यवस्थापक मारोतरावांना भरून आलं. रानडुकरांपासून पीक वाचवायला संघ सभासदांच्या खात्यात कुंपणाचे पैसे टाकणार होता. त्याआधी प्रत्येकाच्या बँकेचा आयएफएससी कोड तपासायचा होता. अक्षरं अकरा, पाचवं शून्य, इथवर संजयने बरोबर तपासलं. पुढची अट मारोतरावांची. "एकच कोड दोघाईचा असंन, तं दुसरा खोटा. आधारसारखंच असते ते." कोड शाखेचा असतो, माणसाचा नाही, हे संजयला ठाऊक होतं. पण सहा महिन्यांच्या कंत्राटावरच्या माणसाने ज्ञान पोटातच ठेवावं.

मारोतरावांनी लगेच यवतमाळच्या मुख्य कचेरीला कळवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना तिथे शाल-श्रीफळ मिळालं.

इकडे बंजाऱ्यांच्या तांड्यात मात्र वेगळंच पेटलं. तांड्याची एकसष्ट नावं, सगळ्यांची खाती बसस्टँडजवळच्या एकाच शाखेत. कुठल्याही यादीत पहिलं नाव नाईकाचं, म्हणजे तांड्याच्या मुखियाचं, हा तिथला रिवाज. त्यामुळे पैसे आले ते फक्त पूनमसिंग नाईकाला.

तांड्यातलीच रुक्माबाई त्याच्या दारात उभी राहिली. "नाईक, पैसे तुले अन् डुकरं आमाले, अशी वाटनी कवा झाली?"

पूनमसिंगला पाणी गोड लागेना. तिला सोबत घेऊन त्याने कचेरी गाठली.

"सायब, एका देवळात शंभर जन पाया पडतात. तं पह्यला खरा अन् नव्व्यान्नव खोटे का?"

दृष्टांत बिनतोड होता. पण ज्याचा सत्कार झाला आहे त्याला दृष्टांत लागू पडत नाही.

"नाईक, वर कळवून झालं," मारोतराव म्हणाले. "दोनशे तीन पकडले म्हनून सत्कार झाला माहा. आता तो वापस देऊ का?"

"नारळ तं खाल्ला असंन," रुक्माबाई म्हणाली. "शाल द्या वापस. आठ दिवसांत माही सोयाबीन कापाची हाये. तवरक डुकरं काय ठेवतीन?"

मारोतरावांनी फाईल उघडून तिच्यात डोकं घातलं.

तीन दिवसांनी पहिली तारीख आली. यवतमाळला ती क्वेरी इतकी आवडली होती, की त्यांनी ती पगारालाही लावली. घाटंजी कचेरीचे सातही जण एकाच शाखेचे खातेदार. यादी अकारविल्हे. पगार जमा झाला एकट्या अमर शिपायाचा.

मारोतरावांनी यवतमाळला फोन लावला. "सर, मी खरा हाये."

"असं सगळेच म्हणतात, मारोतराव. तुमचीच क्वेरी आहे. तुम्ही खरे आहात म्हणून दोन सभासदांच्या सह्या आणा."

सही द्यायला सभासद कोण तयार होणार? नऊ सोडले तर बाकीच्यांना त्यांनीच बोगस ठरवलेलं. नऊपैकी ओळखीचा एक पूनमसिंग. दिवस कलताना मारोतरावांची मोटारसायकल तांड्याकडे निघाली. वाटेतच रुक्माबाईचं वावर लागलं. ती मचाणावर बसून टिनाचा डबा बडवत होती.

"सही पाह्यजे होती, बाई. नाईकाची अन्... चालत असंन तं तुमची."

"माही? मी तं बोगस हाये नं?"

"नाई बाई. तुम्ही खऱ्या हा."

"हे आधी कचेरीत सांगा." ती खाली उतरली आणि डबा त्यांच्या हातात दिला. "नाईकाले बलावून आनते. तवरक बडवत राहा. थांबले का डुकरं आत घुसतात."

मारोतराव मचाणावर चढले. ताल जागेवर नव्हता, पण भाव मात्र अगदी आतून आला होता. एका हाताने डबा चालू ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन लावला.

"संजय, तांड्याची यादी वापस चालव. ते अट काढ. आत्ताच्या आत्ता."

"काढतो सायब. पन मांगं कायचा आवाज येऊन राह्यला? भजनाले बसले का?"

बांधापलीकडची तूर हलली. मारोतरावांनी ठेका वाढवला.

"तू यादी चालव, बापा," ते हळूच म्हणाले. "मले थांबता येत नाई."