यकृतकेची सोय

जी वनस्पती कोणाच्या अध्यात-मध्यात नसते, तिच्याकडे सरकारचं लक्ष जरा उशिराच जातं. यकृतका ही अशीच. शेवाळाची चुलत बहीण. ना खरं मूळ, ना फूल. सावलीतल्या ओल्या दगडाला चिकटून पाणी धरायचं, ओढ्याकाठची माती वाहू द्यायची नाही, बारक्या किड्यांना आसरा द्यायचा, एवढंच तिचं काम. (बिनपगारी असल्यामुळे नोंद नव्हती.)

नोंद होताच आमच्या वनखात्याने तिचं संवर्धन जोमाने हाती घेतलं. लोकांना तिचं दर्शन सुखाने घडावं म्हणून जंगलात सिमेंटची वाट झाली. पाय भिजू नयेत म्हणून ओढा पाइपात घातला. माहितीफलकावर उजेड पडेना, म्हणून वरची झाडं तोडली. फलक आता लांबूनही वाचता येतो. यकृतका तेवढी दिसेनाशी झाली.

बऱ्याच शोधानंतर ती सापडली खात्याच्याच कार्यालयात, टंकलेखिका बाईंच्या टेबलामागच्या भिंतीवर. तिथला डोक्यावरून गेलेला नळ बाई रुजू झाल्यापासून गळत होता. ओल, सावली आणि वर्षानुवर्षं कोणी हात न लावणं, या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त आमच्याकडेच निघाल्या, हे सांगताना ऊर भरून येतो.

बाईंना दमा. त्या डोक्यावर छत्री धरून टाइप करत. "कोरड्या जागी बसा, नाहीतर माझ्याकडे येऊन उपयोग नाही," असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांच्या अर्जांना कंटाळून शेवटी प्लंबर बोलावला, तेवढ्यात साहेब धावत आले.

"थांबा! हे संरक्षित जंगल आहे!"

"साहेब, हा नळ आहे," प्लंबर म्हणाला.

"ओढा म्हणा."

"आणि माझं काय?" बाईंनी खोकत विचारलं. "माझा जीव चाललाय इथे."

साहेब मुळात कनवाळू. "खरंय बाई. तुमच्या खोकल्याने यकृतकेला फार त्रास होत असणार."

त्याच दुपारी बाईंची बदली जंगलातल्या तिकीटखिडकीवर झाली. तिथे आता इतकं खडखडीत कोरडं आहे, की बाईंचा खोकला पार पळाला. इकडे यकृतकेला टेबल मिळालं, खुर्चीही मिळाली. मनावर घेतलं की प्रश्न असे दोन्हीकडून सुटतात.

आता खातं घरोघरी जंगलं शोधत आहे. तुम्ही गेल्या सुट्टीत त्या सिमेंटच्या वाटेवरून मुलाबाळांसह फिरून "सोय छान केलीय हो" म्हणालात, त्याबद्दल आभार. तुमच्या मोरीतला नळ अजून गळतोय ना? प्लंबरला उद्या नक्की बोलवू, असं घरात म्हणत राहा. बाकीचं आम्ही बघतो. दमा कोणाला आहे, तेवढं कळवा.