घारीने पुसलेल्या नोंदी

एका जंगलात नदीवर पूल नव्हता, पण मोबाईल मात्र सगळ्यांकडे होता. म्हणून, बाळांनो, तिथल्या सशांनी हवाई सेवा काढली. प्रवाशाने कड्यावर टोपलीत बसायचं आणि वैमानिकाने ती टोपली पायांत धरून पलीकडच्या तीरावर न्यायची.

वैमानिकाची जागा एकच होती. तानू घारीला ती हवी होती. फार हवी होती. लहानपणापासून ती त्याच कड्यावर उडत आली होती.

तिला एक सवय होती. घारींच्यात ती सगळ्यांनाच असते. उडताना काही चुकलं, की ते बाकीच्यांना सांगून टाकायचं. आई झाडावर बसून ओरडून सांगायची. तानू आपल्या खात्यावर लिहायची.

‘आज दुपारी कड्याखालच्या वाऱ्याने मला खाली ओढलं. माझा अंदाज चुकला. माघारी फिरले. दुपारी इथून कुणी उडू नका.’

अशा नोंदींना तीन लाइक मिळत. त्यातला एक आईचा.

अर्ज करण्याआधी ती मुंगूसरावांकडे गेली. नोकरी शोधणाऱ्यांची खाती ते नीटनेटकी करून देत. स्वतः बिळात राहत.

“अगं बये, हे काय लिहून ठेवलंयस?” ते म्हणाले. “चुकलं काय, माघारी फिरले काय! तुझ्या टोपलीत बसेल का कुणी?”

“पण काका, वारा खरंच ओढतो.”

“ओढू दे की! तू कशाला गावभर सांगतेस? पूस सगळं. आणि एखादा हसरा फोटो टाक.”

“चोचीने हसता येत नाही, काका.”

“मग गॉगल तरी लाव!”

तानूने एकेक नोंद पुसली. गॉगल मात्र लावला नाही.

मुलाखत घ्यायला ससेसाहेब होते. त्यांनी मोबाईलवरून मान वर केली नाही.

“खातं कोरं आहे तुमचं. अनुभव दिसत नाही.”

“साहेब, उडून दाखवू?”

“त्याची गरज नाही.”

जागा रंगराव रानकोंबड्याला मिळाली. रंगराव वारुळावरून उडी मारायचा आणि त्याचा भाऊ जमिनीवर उताणा पडून व्हिडिओ काढायचा. त्यात त्याच्यामागे नुसतं आभाळ दिसे. खाली लिहिलेलं असे, ‘भीती? ती काय असते?’ हे नऊ हजार जणांना आवडलं होतं.

पहिल्या फेरीला ससेसाहेब स्वतः टोपलीत बसले. वेळ भर दुपारची ठरली, कारण फोटोला उजेड चांगला मिळतो.

रंगरावाने कड्यावरून उडी घेतली. वाऱ्याने त्याला टोपलीसकट खाली ओढलं आणि करवंदीच्या जाळीत नेऊन टाकलं. काट्यांतून ससेसाहेबांना कान धरून बाहेर कुणी काढलं? तानूनेच.

मग चौकशी बसली.

“दुपारी वारा खाली ओढतो, हे तुम्हाला ठाऊक होतं?” कानांना पट्ट्या बांधलेल्या ससेसाहेबांनी तानूला विचारलं.

“हो, साहेब.”

“मग कुठे लिहून का नाही ठेवलंत?”

माहिती दडवली म्हणून तिला कायमचं अपात्र ठरवलं. रंगरावाने लंगड्या पायाचा फोटो टाकला. पंधरा हजार जणांना तो आवडला आणि नव्या वैमानिकांना शिकवायचं काम त्याला मिळालं.

तात्पर्य : बाळांनो, आपली चूक कधीही लिहून ठेवू नये. ती दुसऱ्यालाही करू द्यावी. त्याला बढती मिळते.