खेडकर मास्तरांची वीस वर्षांनंतरची मोटारसायकल

उतार लागला की सायकलवरून उतरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे खेडकर मास्तर. चढावर उभं राहून पायडल मारतील, पण उतार दिसला की टुणकन खाली आणि सायकल हातात. कारण विचारलं तर म्हणायचे, "वेग ही गंभीर गोष्ट आहे, जोशी. ती चेष्टेवारी नेऊ नये."

आणि हाच माणूस दिवसभर बोलायचा तो ताशी दीडशे मैल धावणाऱ्या मोटारसायकलींबद्दल!

शेवगावच्या हायस्कुलात ते भूगोल शिकवत, मी गणित. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की ते खडू घेऊन फळ्यापाशी जात. "लिहून ठेवा. वीस वर्षांनी शर्यतीच्या गाडीच्या चाकाला तारा नसतील. पुढून माशासारखं तोंड असेल. आणि बसायचं नाही, पोटावर पालथं पडून चालवायची! आपला शत्रू कोण? वारा." हे सांगताना ते टेबलावर पालथे पडून दाखवत. एकदा नेमके हेडमास्तर आत आले. मास्तर पालथेच म्हणाले, "नमस्कार, सर." हेडमास्तर आल्या पावली परत गेले.

इंजिन थंड ठेवायला पाणी खेळवावं लागेल, हे भाकीत त्यांनी चहाच्या टपरीवर केलं, तेही ऐन दुष्काळात. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. "हितं मानसाला प्यायला पानी न्हाई, अन् मास्तर गाडीला पाजाया निघालं!"

शेवटी मास्तरांनी गुरांच्या डॉक्टरांना पटवलं. काळे डॉक्टरांची मोटारसायकल आणि मास्तरांची अक्कल. तेलाच्या डब्यांचा पत्रा कापून, ठोकून माशाचं तोंड तयार झालं, ते गाडीच्या पुढे तारेने आवळलं, आणि एका रविवारी सकाळी आम्ही पाथर्डी रस्त्यावर जमलो. डॉक्टर टाकीवर हनुवटी टेकून पालथे झाले. गाडी सुटली. पत्रा असा खडखडला की बाभळीवरचे कावळे उठले.

पुढे रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. त्यांना दिसलं ते एवढंच : गाडी सुसाट येतेय आणि वर डॉक्टर मान टाकून पडलेत.

"अगं बया, डागदर गेलं!" एक बाई ओरडली. चारपाच गडी हात पसरून रस्त्यात आले. डॉक्टरांनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडीसकट मुरमाच्या ढिगात शिरले. खरचटलंसुद्धा नाही. पण ते उठायच्या आत लोकांनी त्यांना धरलं, एकाने नाकाशी फोडलेला कांदा लावला, दुसऱ्याने चप्पल.

"सोडा! मी शुद्धीवर आहे!"

"लई बडबड करतंय. दाबून धरा!"

तेवढ्यात मास्तर धापा टाकत पोचले. गर्दीतून वाकून त्यांनी पहिला प्रश्न केला, "डॉक्टर, किती गेली?"

"सगळी गेली!" डॉक्टर कांद्याआडून ओरडले. "होती नव्हती तेवढी अब्रू गेली!"

दुसऱ्या दिवशी तो चेपलेला पत्रा द्यायला मी मास्तरांच्या घरी गेलो. ते कागदावर कालच्याच गाडीचं चित्र काढत होते. वर लिहिलं होतं, 'चिरंजीव दिनकर यास'.

"मुलगा माझा," ते म्हणाले. "पुण्याला इंजिनांच्या कारखान्यात असतो. लहानपणापासून त्याला गाड्यांचं वेड, आणि मी म्हणायचो, मास्तर हो. चार वर्षांपूर्वी भांडून गेला. त्याला लिहू काय? तब्येत बरी आहे, पाऊस नाही. तीन ओळींत पत्र संपायचं. मग नगरहून जुनी मासिकं आणली आणि गाड्या शिकलो. आता महिन्याला एक चित्र पाठवतो."

"उत्तर येतं?"

मास्तर पेन्सिलीला टोक करायला लागले. टोक चांगलं झालं होतं, तरी करत राहिले.

तेही चित्र टपालात पडलं. पंधरा दिवसांनी मी दहावीच्या वर्गावर असताना मास्तर दारात उभे. मी बाहेर आलो. त्यांच्या हातात त्यांचंच चित्र होतं, परत आलेलं. ना मायना, ना सही. माशाच्या तोंडावर लाल पेन्सिलीची मोठी फुली आणि शेजारी एकच ओळ : 'असं केलं तर हँडल वळणार नाही.'

"चूक काढली हो त्यानं! जोशी, माझी चूक काढली!"

व्हरांड्याच्या कठड्यावर बसून त्यांनी तो कागद मांडीवर पुन्हा पुन्हा सपाट केला. मग माझी बाही धरून हळूच म्हणाले,

"हँडलचं मी करतो दुरुस्त. पण उद्याच्या टपालाने जायला हवं. तेवढ्यात मला एखादी नवी चूक सुचवा ना."